चौसष्ट घरांची पासष्ट

एका सुताराकडे १० लांब आणि ३ रुंद अशी फळी आहे. त्याला हवी आहे ४ रुंदीची. लांबी घटली तरी चालेल, पण लाकूड वाया जायला नको. सेबास्तियानो सेर्लिओ या इटालियन वास्तुविशारदाने १५४५ साली पॅरिसमध्ये छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात यावर एक झकास तोड सांगितली होती. फळी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी कापायची. झाले दोन त्रिकोण. त्यातला एक त्या तिरक्या कापाच्या कडेनेच सरकवत न्यायचा आणि एकूण रुंदी ४ झाली की थांबायचं. आता दोन्ही टोकांना एकेक चिंचोळा त्रिकोण बाहेर आलेला दिसेल. ते छाटले की ४ बाय ७ ची फळी तयार. शिवाय छाटलेले दोन तुकडे जोडले तर ३ बाय १ ची पट्टी मिळते, ती वेगळीच.

मूळ फळीचं क्षेत्रफळ ३०. नव्या फळीचं २८ आणि वरकड पट्टीचं ३, मिळून ३१. करवत चालवली की भुसा पडून लाकूड थोडं कमी व्हायचं, इथे ते वाढलं!

सेर्लिओच्या हे ध्यानात आलं नाही. पुढे १५६७ मध्ये पिएत्रो कातानेओ या दुसऱ्या इटालियन वास्तुविशारदाने ही चूक दाखवून दिली. फळीच्या कर्णाचा चढ १० ला ३ असा आहे. म्हणजे रुंदी १ ने वाढवायची तर तुकडा ३ ने सरकवून भागत नाही, ३ पूर्णांक एक तृतीयांशाने सरकवावा लागतो. त्यामुळे नवी फळी ७ लांब होतच नाही, ती ६ पूर्णांक दोन तृतीयांशच भरते. ही तफावत धरली की बेरीज मुकाट्याने ३० वर येते. सेर्लिओची पुस्तकं युरोपभर वाचली जात होती. त्याने ही फळी प्रत्यक्षात कापून पाहिली नसावी असं मला वाटतं. कापली असती तर सुताराने पहिल्याच दिवशी तक्रार केली असती.

गंमत म्हणजे त्याच १५४५ साली, शके १४६७ मध्ये, मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहीत होते. पंचांग करणाऱ्यांना ते ‘ग्रहलाघवा’मुळे ठाऊक असतात. या टीकेत मात्र त्यांनी भास्कराचार्यांच्या सूत्रांच्या उपपत्ती दिल्या आहेत आणि त्यातली वर्तुळाच्या क्षेत्रफळाची उपपत्ती निव्वळ कापाकापीची आहे. वर्तुळाचे दोन अर्धे भाग करायचे. प्रत्येक भागाचे केंद्राकडे निमुळते होत जाणारे पुष्कळ तुकडे पाडायचे. मग दोन्ही भाग उलगडून एकाची टोकं दुसऱ्याच्या फटींत बसवायची. आयत तयार होतो. त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी, रुंदी अर्ध्या व्यासाएवढी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ.

चिकित्सक वाचक इथे हटकेल. तुकड्यांच्या बाहेरच्या कडा गोल आहेत, मग त्यांचा सरळ कडेचा आयत होईलच कसा? होत नाहीच. वरची आणि खालची कड लाटांसारखी वरखाली होत राहते. सेर्लिओने एक तृतीयांशाकडे डोळेझाक केली, तशीच ही दैवज्ञांची डोळेझाक म्हणायची का?

मोजून पाहू. त्रिज्या १ धरली तर आयताची लांबी ३.१४१६ भरायला हवी. तुकड्याची वाकडी कड सोडून तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर घेत गेलो, तर वर्तुळाचे १२ तुकडे केल्यावर लांबी ३.१०६ भरते, २४ केल्यावर ३.१३३ आणि ९६ केल्यावर ३.१४१. तुकडे दुप्पट केले की तूट जवळजवळ चौथाईवर येते. तुम्ही म्हणाल तितकी ती लहान करून दाखवता येते. म्हणून ही उपपत्ती खरी.

पण ‘बारीक बारीक करत गेलं की सगळं ठीक होतं’ असा नियम कुणी यावरून काढेल, तर त्याच्यासाठी एक जिना तयार आहे. एक मीटर बाजूचा चौरस घ्या. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचं आहे. कडेने गेलात तर २ मीटर चालावं लागेल. आता वाटेत एक पायरी करा, म्हणजे अर्धा मीटर उजवीकडे, अर्धा वर, पुन्हा अर्धा उजवीकडे, अर्धा वर. बेरीज २ च. दहा पायऱ्या करा, हजार करा, आडव्या टप्प्यांची बेरीज १ आणि उभ्यांची १. पायऱ्या इतक्या बारीक करा की भिंगातूनही सरळ कर्णच दिसेल, तरी जिन्याची लांबी २ मीटर. कर्णाची लांबी मात्र १.४१४. इथे तूट चौथाईवर येत नाही, अर्ध्यावर येत नाही, एका केसानेही हलत नाही. त्याच जिन्याला लांबी न विचारता क्षेत्रफळ विचारा. जिना आणि कर्ण यांच्यामध्ये अडकलेलं क्षेत्रफळ पायऱ्या दुप्पट केल्या की अर्धं होतं आणि खरोखरच शून्याकडे जातं. म्हणजे एकच आकृती एका प्रश्नाला खरं उत्तर देते आणि दुसऱ्याला धडधडीत खोटं.

कात्रीच्या भूमितीत सगळा खेळ या फटीचा आहे. ती दिसते की नाही, हा प्रश्न दुय्यम. तुकडे बदलत गेलो की तिचं काय होतं, हे विचारायचं असतं. या प्रकरणातली बहुतेक कोडी त्या एका प्रश्नाने सुटतात.

त्यातलं सर्वांत देखणं कोडं हातात कात्री घेऊनच बघावं. आलेख कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखा ८ बाय ८ घरांचा चौरस काढा. एक घर एक सेंटिमीटरचं धरू. चौरसाचे दोन पट्टे करा, एक ५ रुंद आणि दुसरा ३ रुंद. दोन्हींची लांबी ८. अरुंद पट्टा कर्णावर कापला की ८ आणि ३ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण मिळतात. रुंद पट्ट्याच्या वरच्या कडेवर डावीकडून ३ घरं सोडून एक खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून ५ घरं सोडून दुसरी. दोन खुणा जोडणाऱ्या रेषेवर कापलंत की दोन सारखे समलंब चौकोन होतात.

आता एक त्रिकोण आणि एक समलंब चौकोन शेजारी ठेवा, त्रिकोणाची ३ ची बाजू चौकोनाच्या ३ च्या बाजूला भिडवून. १३ पाया आणि ५ उंची असलेला मोठा काटकोन त्रिकोण दिसू लागेल. उरलेल्या दोन तुकड्यांचा तसाच आणखी एक. दोघांचे कर्ण एकमेकांना लावले की १३ बाय ५ चा आयत. आठ आठे चौसष्ट होते, तेरा पंचे पासष्ट झाले.

ऑस्कर श्लोमिल्ख या जर्मन गणितज्ञाने १८६८ मध्ये हे कोडं एका गणिती नियतकालिकात छापलं. अमेरिकेचे कोडीसम्राट सॅम लॉइड म्हणत की, आपण ते १८५८ मध्येच बुद्धिबळपटूंच्या परिषदेत मांडलं होतं. लॉइड यांच्या शब्दावर फार विसंबू नये. पंधरा सोंगट्या सरकवण्याचा प्रसिद्ध खेळही आपलाच असं ते सांगत आणि तो त्यांचा नव्हता. ‘ॲलिस’कर्ते लुईस कॅरल हे पेशाने गणिताचे अध्यापक. त्यांच्या मृत्यूनंतर १८९९ मध्ये त्यांच्या कागदपत्रांतून जे साहित्य छापलं गेलं, त्यातही हे चौसष्ट-पासष्ट आहे.

आता फट शोधू. त्रिकोणाचा चढ ८ ला ३, म्हणजे ०.३७५. समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा चढ ५ ला २, म्हणजे ०.४. दोन्ही चढ वेगळे असताना त्या दोन बाजू जोडून एक सरळ रेषा होणं शक्यच नाही. जोडावर सव्वा अंशाचा बाक पडतो. वरच्या अर्ध्याला एक बाक, खालच्या अर्ध्याला एक, आणि त्या दोहोंच्या मध्ये आयताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक लांबच लांब समांतरभुज चौकोन रिकामा राहतो. लांबी जवळजवळ १४ सेंटिमीटर, रुंदी सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी. क्षेत्रफळ काढा, बरोबर १ चौरस सेंटिमीटर. आलेलं घर आकाशातून पडलेलं नाही, ते सुतळीसारखं लांब ओढून कर्णाखाली लपवलेलं आहे. हाताने कात्री चालवताना कागद अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, त्यामुळे फट दिसली तरी आपण दोष कात्रीला देतो.

५, ८, १३ हे आकडे सहज निवडलेले नाहीत. छंदशास्त्रात लघू म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन मात्रा. यांनी चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येते? पाच. पाच मात्रांची? आठ. सहांची? तेरा. हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्यास गुजरातेत छंदांचा विचार करताना या संख्या कशा वाढतात ते सांगितलं होतं आणि त्याच्याही आधी विरहांकाने. १२०२ मध्ये फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने सशांच्या वंशावळीतून त्याच संख्या मांडल्या आणि नाव त्याचं झालं. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी ही माळ. आधीच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढची संख्या. तिचा एक गुणधर्म खगोलशास्त्रज्ञ कासिनी यांनी १६८० मध्ये मांडला. लागोपाठच्या कोणत्याही तीन संख्या घ्या, मधलीचा वर्ग आणि कडेच्या दोहोंचा गुणाकार यांत फरक एकाचाच पडतो. ८ चा वर्ग ६४, ५ गुणिले १३ म्हणजे ६५. १३ चा वर्ग १६९, पण ८ गुणिले २१ होतात १६८. २१ चा वर्ग ४४१, १३ गुणिले ३४ होतात ४४२. एकदा घर वाढतं, एकदा हरवतं. हरवतं तेव्हा मध्ये फट नसते, तुकडे एकमेकांवर चढलेले असतात.

२१ चा चौरस कापलात तर चोरी पकडणं आणखी कठीण. पळवलेलं घर पूर्वीइतकंच, एकच. पण ते आता ३६ घरांहून लांब कर्णावर पसरायचं असल्याने फटीची रुंदी घराच्या विसाव्या भागाहूनही कमी होते. इथे ना दैवज्ञांच्या तुकड्यांसारखी तूट विरून जाते, ना जिन्यासारखी ती सर्वांदेखत उभी राहते. फट डोळ्यांपुरती नाहीशी होत जाते आणि हिशेबात मात्र जशीच्या तशी राहते. यासाठीच मी हे कोडं सर्वांत देखणं म्हटलं.

याच माळेतला आणखी एक मणी आज मोबाइलवर जगभर फिरतो. न्यूयॉर्कचे हौशी जादूगार पॉल करी यांनी तो १९५३ मध्ये घडवला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकातून तो लोकांपुढे आणला. १३ पाया, ५ उंची असा काटकोन त्रिकोण चार तुकड्यांचा. तुकड्यांची जागा बदलली की त्रिकोण तेवढाच राहतो, पण आत एक घर रिकामं पडतं. तुकडे असे आहेत: ८ आणि ३ बाजूंचा मोठा काटकोन त्रिकोण, ५ आणि २ बाजूंचा लहान काटकोन त्रिकोण, आणि पायऱ्यांच्या आकाराचे दोन ठोकळे, एक ७ घरांचा आणि एक ८ घरांचा.

रिकामं घर कुठून आलं हे आधी बघू, कारण ते फार सोपं आहे. पहिल्या मांडणीत मोठा त्रिकोण डावीकडे आणि लहान त्रिकोण उजवीकडे वर. लहानाखाली जागा राहते ५ बाय ३ ची, म्हणजे १५ घरांची. तीत ७ आणि ८ चे ठोकळे चपखल बसतात. दुसऱ्या मांडणीत लहान त्रिकोण डावीकडे आणि मोठा उजवीकडे वर. आता मोठ्याखाली जागा राहते ८ बाय २ ची, म्हणजे १६ घरांची. ठोकळे तेच १५ घरांचे, म्हणून एक घर उघडं पडणारच. खरं कोडं ते घर नव्हेच. बाहेरचा त्रिकोण दोन्ही वेळा सारखाच कसा दिसतो, हे खरं कोडं.

तो सारखा नाही, आणि त्रिकोणही नाही. १३ पाया आणि ५ उंचीच्या खऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ साडेबत्तीस. आपल्या तुकड्यांची बेरीज १२, ५, ७ आणि ८ मिळून ३२. पहिल्या आकृतीत तिरकी बाजू किंचित आत दबलेली आहे, म्हणून अर्धं घर कमी. दुसरीत ती किंचित बाहेर फुगलेली आहे, म्हणून रिकामं घर धरून ३३. ज्याला आपण कर्ण म्हणत होतो, तो मोडलेला होता. सेंटिमीटरच्या कागदावर ही मोड जोडाशी पाऊण मिलिमीटरची भरते.

पाऊण मिलिमीटर म्हणजे थोडं नव्हे. दोन रेषा एकमेकींच्या पुढे नीट आहेत की किंचित सरकल्यात, हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे. व्हर्निअर कॅलिपरची मापनपट्टी याच कौशल्यावर चालते. उजेड चांगला असेल तर एका अंशाच्या तीनशेसाठाव्या भागाएवढी सरकही डोळा टिपतो. पुस्तक धरतो त्या अंतरावर ही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची गोष्ट झाली. मग करींचा बाक सुटतो कसा? माझ्या मते डोळा इथे फसतच नाही, त्याला कुणी कामालाच लावलेलं नसतं. चित्राखाली ‘त्रिकोण’ असं लिहिलेलं असतं, आपण ते मान्य करतो आणि मग नजर आतल्या रंगीत ठोकळ्यांवर जाते. जोड नेमका जिथे रंग बदलतो तिथे असतो, ही जादूगाराची शिताफी. कर्णाला एकदा पट्टी लावून पाहा. त्यानंतर तो बाक पुन्हा कधी दिसल्याशिवाय राहणार नाही.

डोळ्याने केलेली खरी फसवणूक याहून अगदी वेगळी असते, कारण ती कळल्यावरही थांबत नाही. भूमितीच्या साध्या रेषांमध्ये दिसणाऱ्या अशा भ्रमांवर १८५५ मध्ये योहान योसेफ ओपेल या जर्मन शिक्षकाने लिहिलं. १८६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ त्सोलनर यांना एका कापडावरच्या नक्षीत समांतर रेषा वाकड्या दिसल्या. त्यांनी त्यावर निबंध लिहून नियतकालिकाकडे पाठवला. संपादक होते पोगेनडॉर्फ. त्सोलनर यांच्या आकृतीत त्यांना आणखी एक भ्रम सापडला. एक तिरकी रेषा रुंद उभ्या पट्टीमागून जाते आहे असं काढा. रेषा खरोखर एकच असते, पण पट्टीच्या दोन बाजूंना दिसणारे तिचे भाग एकमेकांशी जुळत नाहीत असंच वाटतं. फूटपट्टी लावून खात्री करून घ्या, ती उचलली की पुन्हा ते न जुळणारेच. करींच्या त्रिकोणात मोडलेली रेषा सरळ वाटते, पोगेनडॉर्फ यांच्या आकृतीत सरळ रेषा मोडलेली वाटते. पहिला भ्रम माहितीने बरा होतो, दुसऱ्यावर माहितीचा काही इलाज चालत नाही.

म्यूलर-लायर यांचे १८८९ चे बाण बहुतेकांनी पाहिलेले असतात. दोन सारख्याच रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेली पिसं आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली. दुसरी लांब दिसते. रिव्हर्स या इंग्रज संशोधकाने १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि नंतर आपल्याकडे निलगिरीतल्या तोडा लोकांत ही आकृती दाखवून पाहिली. या बाणांना ते इंग्रजांपेक्षा कमी फसले. काटकोनी घरांत आणि सरळ भिंतींत वाढलेल्या डोळ्याला कोपरे पाहून अंतराचा अंदाज बांधायची सवय लागते, असं एक स्पष्टीकरण पुढे दिलं गेलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आता पुन्हा लॉइड यांच्याकडे, कारण त्यांचा एक खेळ मात्र निर्विवाद त्यांचाच. १८९६ मध्ये त्यांनी पुठ्ठ्याची एक गोल तबकडी विकायला काढली. पृथ्वीच्या कडेने तेरा चिनी योद्धे उभे. तबकडी थोडी फिरवली की बाराच उरतात. ‘पृथ्वीवरून चालते व्हा’ असं त्या खेळाचं नाव. अमेरिकेत १८८२ पासून चिनी मजुरांना येण्याची कायद्यानेच बंदी होती, तेव्हा या नावातला विनोद आज घशाखाली उतरत नाही. युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. तिचा सांगाडा असा: कागदावर ९ सेंटिमीटर उंचीच्या दहा उभ्या रेषा सारख्या अंतरावर काढा. पहिल्या रेषेच्या खालच्या टोकापासून दहावीच्या वरच्या टोकापर्यंत तिरका काप घ्या. खालचा भाग कापाच्या कडेने एका रेषेइतका सरकवा. रेषा उरतील नऊ. दहावी कुठे गेली? कुठेच नाही, ती वाटून टाकली गेली. प्रत्येक रेषा आता १० सेंटिमीटरची झाली आहे. दहा नवे नव्वद होते, नऊ दाहे नव्वद झाले. योद्ध्यांचंही तेच. फिरवल्यावर कुणाला मिशीचा तुकडा, कुणाला पायाचा, कुणाला तलवारीचा जास्त मिळतो आणि ‘तेरावा कोण?’ या प्रश्नाला उत्तरच राहत नाही.

नोटांवर हाच प्रयोग करून नवांच्या दहा करण्याची कल्पना भामट्यांना सुचणार हे उघडच आहे. नोटेवर क्रमांक एकाच जागी न छापता दोन दूरच्या जागी छापलेला असतो. आपल्या नोटेवरही तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असतो. तुकडे सरकवून चिकटवलेल्या नोटेवर दोन क्रमांक जुळत नाहीत आणि लबाडी तिथेच उघडी पडते. अखंड न संपणाऱ्या चॉकलेटच्या वडीचा जो व्हिडिओ अधूनमधून कुणीतरी पाठवतं, त्यातही हेच आहे. तिरक्या कापाजवळची एक ओळ थोडी बुटकी होते आणि कुणी मोजत नाही. त्यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आतापर्यंत फट मिलिमीटरची होती. शेवटचं कोडं असं की त्यात कात्री नाही, आकडे नाहीत, शाळेत शिकवलेल्या प्रमेयांखेरीज काहीच नाही, आणि निष्कर्ष असा की प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो! लुईस कॅरल यांच्या त्या कागदपत्रांत हेही होतं.

अबक हा कोणताही त्रिकोण घ्या. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक काढा. ते म मध्ये मिळतात. म पासून अब वर मप आणि अक वर मफ असे लंब टाका. म कोनदुभाजकावर आहे, म्हणून त्रिकोण अमप आणि अमफ एकरूप. त्यावरून अप = अफ आणि मप = मफ. म लंबदुभाजकावरही आहे, म्हणून मब = मक. तेव्हा कर्ण-भुजा कसोटीने काटकोन त्रिकोण मपब आणि मफक एकरूप, म्हणून पब = फक. आता अप मध्ये पब मिळवला की अब, आणि अफ मध्ये फक मिळवला की अक. समानांत समान मिळवले. म्हणून अब = अक.

यातली एकही एकरूपता खोटी नाही. पायऱ्या कितीही तपासा, दोष सापडत नाही, कारण दोष पायरीत नाही, आपण शेजारी काढलेल्या आकृतीत आहे. आकृती काढताना हात सवयीने म ला त्रिकोणाच्या पोटात बसवतो. दोन बाजू असमान असतील तर म कधीच आत पडत नाही. तो त्रिकोणाच्या परिवर्तुळावर असतो, बक च्या पलीकडे. नीट कंपास घेऊन अब ९, अक ५ आणि बक ७ असा त्रिकोण काढून पाहा. अप आणि अफ दोन्ही ७ भरतात. पब आणि फक दोन्ही २. पण प हा अब वर पडतो आणि फ पडतो अक वाढवून क च्या पुढे. म्हणून ९ म्हणजे ७ अधिक २, आणि ५ म्हणजे ७ उणे २. सिद्धतेत सगळं बरोबर होतं, फक्त एका ठिकाणी वजाबाकीच्या जागी बेरीज झाली होती.

आणि ती बेरीज चूक आहे असं म्हणायला युक्लिडच्या ग्रंथात आधारच नाही. एखादा बिंदू दुसऱ्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे की बाहेर, हे युक्लिड आकृतीत बघून ठरवतो. त्याच्या गृहीतकांत ‘मध्ये’ याचे नियम कुठेही नाहीत, आणि दोन हजार वर्षं भूमिती त्यावाचून शिकवली गेली. मोरिट्झ पाश या जर्मन गणितज्ञाने १८८२ मध्ये ही उणीव भरायला घेतली आणि डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ च्या ग्रंथात बिंदूंच्या क्रमाच्या गृहीतकांचा स्वतंत्र गटच केला. पाश यांचं एक गृहीतक असं: एखादी रेषा शिरोबिंदूतून न जाता त्रिकोणाच्या एका बाजूतून आत शिरली, तर ती उरलेल्या दोनपैकी एका बाजूला छेदतेच. वाचून हसू येईल इतकं हे उघड आहे. पण असली उघड वाक्यं कागदावर आल्यानंतरच, एकही आकृती न काढता, असमान बाजूंच्या त्रिकोणात प आणि फ यांपैकी एक बाजूवर आणि दुसरा बाजूबाहेर पडतो हे सिद्ध करता आलं.